तिसरं चाक लावण्याआधी

“डॉक्टर, गाडी उभी केली का पाय लटपटते जी. साइड व्हील लावून टाकू का?”

साठी ओलांडलेले पेशंट हल्ली हे नेहमी विचारतात. पारशिवनीत हा प्रश्न हौसेचा नसतो. शेतावर चक्कर, आमडी फाट्यावर कुणाला सोडणं, कन्हानला काम, सगळं गाडीवरच चालतं. गाडी सुटली की माणूस घरात बसतो, आणि मग गुडघे, शुगर, झोप सगळंच बिघडू लागतं. म्हणून ‘आता वय झालं, सोडा’ असं मी पटकन म्हणत नाही. आधी विचारतो, दुचाकी नेमकी कशामुळे जमेनाशी झाली?

गुडघे झिजलेत, शंभर किलोंहून जड स्कूटर स्टँडवर चढत नाही, पाय टेकताना भरवसा वाटत नाही, असं असेल तर साइड व्हीलचा, म्हणजे जोडचाकांचा, खरंच उपयोग होतो. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडायला वेग लागत नाही. उभी गाडी अंगावर आडवी झाली तरी पुरे. हा धोका ती चाकं बऱ्याच अंशी टाळतात.

पण कारण डोळ्यांत किंवा डोक्यात असेल तर चाकं कितीही लावा, उपयोग नाही. मोतीबिंदू पिकत असला की समोरच्या ट्रकचा लाइट डोळ्यांत पसरतो आणि मधला माणूस दिसत नाही. काचबिंदू बाजूची नजर हळूहळू खातो. रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. पेंचच्या बाजूला संध्याकाळी रोही आणि रानडुक्कर बाजूनेच रस्त्यावर येतात. ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 11 मीटर जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तर काय होईल, तुम्हीच मोजा. चक्कर येत असेल तर आधी तिचं कारण शोधू, गाडीचं नंतर बघू.

घरी करून बघण्यासारखं थोडं सांगतो. भिंतीजवळ, कुणाला तरी सोबत उभं करून, एका पायावर दहा सेकंद राहता येतं का? हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का? मान दोन्हीकडे वळवून खांद्यामागचं दिसतं का? यातलं एखादं जमलं नाही म्हणजे गाडी बंद असं नाही, पण तपासणी मात्र हवीच. मानेचं विशेष लक्षात ठेवा. गाडीची रुंदी वाढते, मागचं बघण्याची गरजही वाढते, आणि आरसा सगळं दाखवत नाही.

औषधांची पिशवी सोबत आणा. सर्दीची गोळी, झोपेची गोळी, बीपीचा नुकताच वाढवलेला डोस, यांनी गुंगी किंवा उठताना अंधारी येऊ शकते. इन्सुलिन किंवा शुगर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. निघण्याआधी शुगर बघावी आणि खिशात साखर ठेवावी. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा भर दुपारी निघूच नका.

आता गाडी. आपल्याकडे मिळते ती बहुधा स्कूटरच्या मागे दोन बाजूंना चाकं जोडलेली. खरी तीनचाकी वेगळी. पियाजिओ कंपनीने 2006 मध्ये पुढे दोन चाकं असलेली, वळताना कलणारी एमपी3 इटलीत आणली. आपल्या रस्त्यावर मात्र ती क्वचितच दिसते, तेव्हा तिचा मोह इथेच सोडू. जोडचाकं घेताना त्यांचा सांधा फार ताठ नाही ना, हे बघा. ताठ असला तर खड्ड्यावर वजन बाजूच्या चाकांवर जातं, मधलं चाक हवेत फिरतं आणि गाडी पुढे सरकत नाही. बाजूच्या चाकांना बहुधा ब्रेक नसतो, तेही विचारून घ्या. बहुतेक स्कूटरना रिव्हर्स नसतो. जोडचाकांची गाडी मागे ढकलणं गुडघ्यांना महागात पडतं. म्हणून रिव्हर्सची सोय असेल तर थोडे पैसे जास्त द्या.

कागदपत्रांत कंटाळा नको. गाडीतल्या बदलाची आरसीवर नोंद लागते आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. एमएच-40 चं काम नागपूर ग्रामीण आरटीओकडे. पंचावन्न वर्षं उलटल्यावर लायसन्स पाच-पाच वर्षांचंच मिळतं, आणि त्यासोबत डॉक्टरचा फॉर्म 1-ए, म्हणजे तब्येतीचा दाखला, लागतो. आमच्यातलेही काही जण तो नुसती सही करून देतात. तुम्ही मात्र डोळे तपासूनच घ्या.

सगळ्यात जास्त वेळ शिकायला द्या, कारण तीस-चाळीस वर्षांची सवय इथे उलटी पडते. दुचाकी आपण कलून वळवतो. ही गाडी कलत नाही. हँडल जोर लावून फिरवावं लागतं, अंग बाहेर फेकलं जातं, आणि वेगात वळलात तर आतलं चाक उचलतं. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करा. रामटेकच्या गडाची वळणं पहिल्या महिन्यात नकोत. रिकाम्या मैदानावर आठचा आकडा काढा, मागे कुणाला बसवू नका. हेल्मेट घाला, पायात बूट असू द्या. आणि गाडी थांबताना पाय खाली टेकू नका, पायदानावरच ठेवा: सवयीने टेकलेल्या पायावरून आपलंच मागचं चाक जातं.