आजी-आजोबांच्या थकव्याचं मोजमाप, मोबाइलच्या मदतीनं

भोर-वेल्ह्यातल्या (वेल्हे तालुका आता राजगड) म्हाताऱ्या माणसांना 'कशा आहात?' विचारलं, की 'बरी आहे की!' हेच उत्तर येतं. भाताच्या लावणीत जन्म गेलेली बाई थकल्याचं कबूल करत नाही. म्हणून शनिवार-रविवारी पुण्याहून गावी जाणाऱ्या नातवंडांनी विचारण्यापेक्षा मोजावं.

लागेल ते : मेजपट्टी, खडू, बिनहातांची खुर्ची, वही, मोबाइल.

१. पडवीत खडूनं चार मीटरवर दोन रेघा मारा. आजींना पहिल्या रेघेच्या दोन पावलं मागून नेहमीच्या चालीनं चालू द्या, दुसऱ्या रेघेच्या पुढपर्यंत. घड्याळ फक्त रेघांमधल्या अंतराचं. पाच सेकंदांहून जास्त लागले तर चाल मंदावली आहे. ओल्या किंवा नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर हे करू नका.

२. खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीशी घेऊन पाच वेळा उठबस. शेजारी उभे राहा. चक्कर आली, गुडघा दुखला की थांबा. जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत मर्यादा १४ सेकंदांची आहे.

३. वर्षभरात प्रयत्न न करता साडेचार किलो वजन उतरलंय का? काटा नसेल तर बांगड्या पाहा : मनगटावर बसणाऱ्या बांगड्या कोपराकडे घसरतात का? पडणं, भूक, झोप, गोळ्यांची नावंही वहीत लिहा.

४. तोरणा किल्ल्याच्या पायथ्याला रेंज दगा देते, म्हणून वहीतलं नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अ‍ॅपमध्ये टाका. नाव, आधार क्रमांक देऊ नका. असं लिहा : 'वय ७४, स्त्री, खेड्यात राहते, भात-नाचणी खाते. ही आजची आणि तीन महिन्यांपूर्वीची मोजणी. काय बिघडलं ते दाखव, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न दे. निदान करू नकोस, औषध सांगू नकोस.' खेड्याचा उल्लेख गाळलात तर जिमला जाण्याचा सल्ला मिळू शकतो! यंत्राचा खरा उपयोग तुलनेला. एका दिवसाच्या आकड्यावरून ते ठामपणे काही बोललं, तरी मानू नका.

५. वही, अ‍ॅपनं दिलेले प्रश्न आणि गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून भोरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय गाठा. रक्तक्षय, बी-१२, थायरॉइड, साखर, मोतीबिंदू, जास्तीच्या गोळ्या : थकव्यामागे यांतलं काहीही असू शकतं, आणि बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे.

६. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर तीच उठबस रोजचा व्यायाम करा. ताटात मटकीची उसळ, डाळ, अंडं वाढवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारा. काठी-चष्म्यासाठी ६५ वर्षांवरच्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ३,००० रुपये मिळतात, उत्पन्नाची अट आहे. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

अचानक बोबडी वळली, तोंड वाकडं झालं, पडून उठता येत नसेल, तर अ‍ॅप उघडत बसू नका. थेट १०८ लावा.