जागं ठेवणारी गोळी हुशार करते का?

प्रश्न : मी औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करते. रात्रभर वाचता यावं म्हणून सोबतच्या काही जणी मोडाफिनिलची गोळी घेतात. ‘डोकं तेज चालतं’ म्हणतात. मीही घ्यावी का?
— एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : घेऊ नका. मोडाफिनिल हे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारावरचं औषध आहे. डोळे उघडे ठेवायला ते मदत करतं, यात शंका नाही. पण बुद्धी वाढते का, हे मेलबर्न आणि केंब्रिजच्या संशोधकांनी ४० निरोगी तरुणांवर तपासलं. ठरावीक वजनाच्या पिशवीत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू बसवायचं कोडं त्यांना दिलं; कधी मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट किंवा डेक्सॲम्फेटामिन देऊन, कधी नुसतीच बिनऔषधी गोळी देऊन. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध घेतल्यावर मुलं जास्त झटली, वेळही जास्त लागला, पण पिशवीत भरलेल्या वस्तूंची किंमत घसरली. एरवी सरस ठरणारे औषधानंतर बहुधा सरासरीच्याही खाली गेले.

तरी डोकं तेज झाल्यासारखं का वाटतं? ही औषधं मेंदूतलं डोपामिन वाढवतात. त्याने हुरूप येतो, आणि हुरूप आला की अभ्यास छान चाललाय असं वाटू लागतं.

खरा तोटा झोपेचा. मोडाफिनिलचा निम्मा अंश शरीरातून जायला १२ ते १५ तास लागतात. रात्री दहाला घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुपारीही अंगात असते. दिवसा वाचलेलं झोपेत पक्कं होतं. झोप मोडली तर पाठ केलेली कलमं ऐन परीक्षेत निसटतात. शिवाय डोकेदुखी, धडधड, बेचैनी होऊ शकते, क्वचित त्वचेवर जिवावर बेतणारी रिॲक्शन येते, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही कमी होतो. म्हणूनच डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध विकायला कायद्याने मनाई आहे. मिथाइलफेनिडेट तर अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं.

लहानपणापासूनच लक्ष टिकत नसेल, तर घाटी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात दाखवा. तपासणीनंतर डॉक्टरांनी दिलेलं औषध जरूर घ्या. परीक्षेच्या ताणाने झोप उडाली असेल, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. आणि रात्रीची सात तास झोप वेळापत्रकात विषयासारखी लिहून ठेवा. मैत्रिणींनाही हे सांगा. त्यांची मेहनत खरी आहे, ती वाया जायला नको.