बालकांचे दात आणि हातभर दोरा

छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तलाव आणि मध्यवर्ती कारागृह यांमुळे सर्वपरिचित असलेले हर्सूल हे गाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत आलेले आहे. शहराची दुकाने दारात आली आणि त्यांबरोबर बिस्किटे, चॉकलेटे व पुड्यांतील खाऊही आला. दाताला चिकटणारे हे पदार्थ मुलांच्या हाती दिवसभर असतात. दात घासण्याचा रिवाज मात्र बहुतेक घरांत सकाळचा एकदाच, तोही घाईचा.

दंतक्षयाची क्रिया साधी आहे. दातांवरील चिकट थरातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व हे आम्ल दाताचे कठीण आवरण हळूहळू विरघळविते. ब्रशने दाताच्या बाहेरील, आतील व चावण्याच्या बाजू स्वच्छ होतात. परंतु एकमेकांस टेकलेल्या दोन दातांच्या मधल्या भिंतीपर्यंत त्याचे केस पोहोचत नाहीत. दुधाच्या दाढांना कीड लागते ती पुष्कळदा नेमकी येथेच, आणि बाहेरून दाढ धडधाकट दिसत असल्याने ती कळते ठणका लागल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांच्या दुधाच्या दातांना कीड लागलेली आहे.

“दुधाचे दात, पडायचेच आहेत” हा समज या बाबतीत फार घातक ठरतो. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरे. पण दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत राहतात. तोवर मुलाला जेवायचे असते, झोपायचे असते, शाळेत जायचे असते. दाढ अकाली काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात व मागून येणारा कायमचा दात वाकडा येतो. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दात न पडता, सर्वांत मागे कायमची पहिली दाढ उगवते. ती दुधाचीच समजून अनेक पालक तिच्याकडे दुर्लक्ष करतात.

दोन दातांमधील फट स्वच्छ करण्यासाठी वापरावयाचा दोरा म्हणजे फ्लॉस. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील लेव्ही पार्मली या दंतवैद्याने १८१५ च्या सुमारास रेशमी दोरा वापरण्याचा सल्ला रुग्णांना दिला होता. पैठणी आणि हिमरू विणणाऱ्या या मुलखाला रेशीम नवे नाही. तरी दातांत अडकलेले काढायला आपल्याकडे हाती येते ती टाचणी किंवा आगकाडी. त्यांनी हिरडीस इजाच होते.

तथापि मुलांना दोरा वाटून काम भागेल, असे समजण्याचे कारण नाही. या विषयावरील संशोधनांचा आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्या अभ्यासात शाळेच्या दिवशी प्रशिक्षित व्यक्तीने लहान मुलांच्या दातांत दोरा फिरविला, तेथे सुमारे पावणेदोन वर्षांत किडीचा धोका ४० टक्क्यांनी कमी आढळला. कुमारवयीन मुलांनी स्वतःच दोरा वापरला तेथे मात्र असा लाभ दिसला नाही. याचा अर्थ उघड आहे: लहान मुलाचा दोरा मोठ्या माणसाच्या हातात हवा. आठ ते दहा वर्षांपर्यंत बोटांवर तेवढा ताबा येत नाही. फ्लोराइडयुक्त पेस्टने घासण्याची जागाही दोरा घेऊ शकत नाही.

कृती अवघड नाही. सुमारे ४५ सेंटीमीटर, म्हणजे हातभर दोरा घेऊन त्याची टोके दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळावीत. मधला दोन-तीन सेंटीमीटर भाग ताणून, करवतीसारखा हलकेच पुढेमागे करीत दोन दातांमध्ये उतरवावा. हिसका देऊ नये. मग तो एका दाताला कवेत घेतल्यासारखा वळवून वरखाली फिरवावा, तसाच शेजारच्या दातालाही. प्रत्येक फटीसाठी दोऱ्याचा नवा भाग घ्यावा. पुढच्या दातांत मोकळ्या फटी असतील तर तेथे दोऱ्याची गरज नाही. दाढा एकमेकींस टेकल्या, की सुरुवात करावी. साधारणतः ही वेळ अडीच-तीन वर्षांनंतर येते.

सवय लागते ती ठरलेल्या वेळेने. रात्रीचे जेवण आटोपल्यावर, उवा पाहताना घेतात तसे मुलाचे डोके मांडीवर घ्यावे, म्हणजे तोंडात उजेड पडतो आणि मूलही स्थिर राहते. पहिल्या आठवड्यात दोनच दाढा केल्या तरी चालेल. मुलाला भिंतीवरील दिनदर्शिकेत रोज एक खूण करू द्यावी. बक्षीस म्हणून चॉकलेट देणारे पालकही भेटतात. त्याविषयी काय बोलावे!

शिक्षक व अंगणवाडी सेविकांना पालक सभेत हे प्रात्यक्षिक सहज दाखविता येईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये पालघर येथे झाला; त्यातील तपासणीत दंतक्षयाचाही समावेश आहे. पथक येईल त्या दिवशी पालकांना बोलावून घेणे ग्रामपंचायत सदस्यांना अवघड नाही.

सुरुवातीच्या दिवसांत हिरडीतून थोडे रक्त आले तर घाबरून दोरा बंद करू नये. नियमित स्वच्छतेने ते बहुधा थांबते. आठवडा-दोन आठवड्यांनंतरही रक्त येत राहिले, किंवा एकाच जागी दोरा वारंवार अडकू वा तुटू लागला, तर तेथे कीड असण्याचा संभव असतो. अशा वेळी हर्सूल परिसरातील पालकांनी मूल शहरातील शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयात दाखवावे, ठणका लागण्याची वाट पाहू नये.