पंडिती काव्याचे अध्यापन आणि अक्षरक्रीडा : मोरोपंतांच्या रामायणांच्या संदर्भात

मध्ययुगीन मराठी काव्याचा अभ्यासक्रम संतकाव्याकडून पंडिती काव्याकडे वळला की वर्गातील उत्साह ओसरतो, हा पदवी स्तरावर शिकविणाऱ्या बहुतेक अध्यापकांचा अनुभव आहे. अभंगाची भाषा विद्यार्थ्याच्या कानावर असते. आर्या मात्र त्याला समासांची भिंत वाटते. मग अन्वय, अर्थ, अलंकार आणि 'कृत्रिम' हा शेरा, एवढ्यावर अध्यापन आटोपते. ही स्थिती खुद्द बारामती-इंदापूरच्या परिसरातही असावी, हे अधिक खटकणारे आहे. मोरोपंत (1729–1794) जन्मले पन्हाळ्यास आणि त्यांचे अध्ययनही तेथेच झाले. परंतु बाबूजी नाईकांच्या आश्रयाने त्यांचे आयुष्य गेले ते कऱ्हेकाठच्या बारामतीत, आणि त्यांची काव्यरचना बहरली तीही येथेच.

मोरोपंतांवरील आक्षेप जुना आहे : हे काव्य नसून शब्दांचा खेळ आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत पंतांचा पक्ष जोरकसपणे मांडला, ल. रा. पांगारकरांनी चरित्र व काव्यविवेचन लिहिले. तरी आक्षेप पुसला गेला नाही. अध्यापकाच्या दृष्टीने मात्र या आक्षेपातच एक वाट दडलेली आहे. हा खेळ असेल तर तो खेळून का पाहू नये? योहान हुइझिंगा या डच विचारवंताने 1938 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात काव्याचे मूळच क्रीडेत शोधले. स्वेच्छेने स्वीकारलेला नियम हे खेळाचे लक्षण मानले, तर 108 रामायणे रचण्याचा संकल्प करणारा आणि त्यांतील अनेकांना वेगळे बंधन घालून घेणारा कवी मराठीतील मोठाच खेळाडू ठरतो.

निरोष्ठ रामायणाचे उदाहरण घ्यावे. ज्यांच्या उच्चारात ओठ ओठांना टेकतात ती प, फ, ब, भ, म ही अक्षरे येथे वर्ज्य आहेत. हा नियम फळ्यावर लिहून, मूळ रचना न दाखविता, रामकथेचा एखादा प्रसंग चार वाक्यांत सांगावयास दिला, तर पहिल्याच क्षणी विद्यार्थी अडतो. कारण 'राम' हाच शब्द उच्चारता येत नाही. रामायण सांगावयाचे आणि रामाचे नाव घ्यावयाचे नाही! लक्ष्मण, भरत, बिभीषण, कुंभकर्ण, मारुती हे सारेच बाद होतात. मग शोध सुरू होतो. सीताकांत, जानकीनाथ, दशरथनंदन चालतात. भरतासाठी कैकेयीतनय, मारुतीसाठी अंजनीतनय, रावणासाठी दशानन किंवा लंकेश. लक्ष्मण फार छळतो, कारण 'सौमित्र' म्हणावे तर तेथेही 'म' आडवा येतो. पंडिती काव्यात पर्यायी नामांची व सामासिक विशेषणांची दाटी का होते, हे व्याख्यानाने जितके पटत नाही तितके या दहा मिनिटांच्या अडचणीने पटते.

खरा लाभ पुढे आहे. कोणीतरी 'राघव' म्हणतो आणि वाद पेटतो : 'व' ओष्ठ्य की दंत्योष्ठ्य? संस्कृत व्याकरण उ, ऊ हे स्वरही ओष्ठ्य मानते आणि ओ, औ यांना कंठोष्ठ्य म्हणते. मग 'रघुनंदन' चालेल काय? 'अयोध्या' सोडून 'साकेत' म्हणावे काय? या वादाचा निवाडा अध्यापकाने करू नये. पंतांची रचना हाती द्यावी आणि कवीने नियम कोठवर पाळला हे विद्यार्थ्यांनीच अक्षरश: तपासावे. वर्णांची उच्चारस्थाने हा एरवी पाठ करण्याचा भाग. येथे त्याच्यावाचून खेळ पुढे सरकत नाही.

ही परंपरा पंतांपुरती नाही. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त मंत्रगुप्त आपली कथा ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो, कारण प्रियेच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखत असतात. बंधनाला कथेतच कारण मिळते. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेक याने 1969 मध्ये 'ई' हे अक्षर वगळून संपूर्ण कादंबरी लिहिली. फ्रेंचमधील माता व पिता या दोन्ही शब्दांत ते अक्षर आहे, आणि पेरेकचे आईवडील दुसऱ्या महायुद्धाने हिरावून नेले होते. क्रीडा आणि गांभीर्य परस्परविरोधी आहेत, हे गृहीतक एवढ्याने तरी डळमळावे.

दुसरा खेळ घरोघरी परिचित असलेल्या भेंड्यांचा. एका चरणाच्या अखेरची अक्षरे पुढील चरणाच्या आरंभी आणणाऱ्या दामयमकाचे तत्त्व आणि भेंड्यांचे तत्त्व यांचे नाते उघड आहे. फरक एवढाच की यमकात तीच अक्षरे निराळ्या अर्थाने परतावी लागतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्याच्या घरी श्लोक-स्तोत्रांचे पाठांतर झाले, तोच भेंड्यांत जिंकतो, आणि नीरा-भीमेच्या पट्ट्यातून आलेला, घरातील पहिलाच पदवीचा विद्यार्थी गप्प बसतो. म्हणून जात्यावरच्या ओव्या, भारुडे, वासुदेवाची गाणी यांना या खेळात समान मान असला पाहिजे. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांतून जात्यावरच्या ओव्यांचे केवढे संकलन उभे केले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मौनामागे दारिद्र्य नसून संकोच आहे हे उमजते. संकोच फिटला की डाव उलटतोही.

वृत्ताच्या बाबतीत आर्येतील एक शब्द झाकून तो मात्रांच्या हिशेबाने भरावयास सांगणे पुरेसे आहे. अर्थाने जुळणारे पाच शब्द सुचतात, मात्रांत बसणारे एकदोनच. शास्त्रीय आर्येच्या उत्तरार्धात 12 व 15 मात्रा असतात, तर गीतीत दोन्ही अर्धांत 12 व 18. मोजता मोजता विद्यार्थ्यांच्या ध्यानी येते की पंतांच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या 'आर्या' बहुतांशी गीती आहेत. 'केकावली'चे सतरा अक्षरी पृथ्वीवृत्त मात्र या रीतीस फारसे वश होत नाही. तेथे आठव्या अक्षरावरील यतीसह मोठ्याने म्हणणे हाच उपाय.

अलीकडे वर्गात प्रश्नमंजूषा, गुणफलक, बक्षिसे यांचा सुळसुळाट झाला आहे. त्याने वर्ग जागा होतो, पण काव्य झोपलेलेच राहते, कारण तेथील खेळाच्या नियमाचा काव्याच्या नियमाशी काही संबंध नसतो. उद्या तीच बक्षिसे व्यवहारगणितालाही लावता येतील. ज्या खेळाचा नियम कवीनेही पाळला होता, तोच काव्याच्या तासाला उपयोगी. अर्थात प्रत्येक कवी असा खेळत नाही. तुकोबांच्या अभंगावर असली कसरत लादणे हा अत्याचार होईल.

अडचण परीक्षेची उरते. 'दामयमकाची व्याख्या देऊन उदाहरण लिहा' हा प्रश्न मार्गदर्शिका पाठ करूनही सुटतो. त्याऐवजी विद्यार्थ्याने न पाहिलेली एखादी गीती एक शब्द गाळून द्यावी, तो शब्द सुचवावयास सांगावा आणि निवडीचे समर्थन चार ओळींत मागावे. यासाठी अभ्यासमंडळाच्या ठरावाचीही वाट पाहावयास नको. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण अध्यापकाच्याच हाती असतात.