संगणकाचें मेज आपल्या हातास कसें बसवावें

तुमसर तालुक्यांतील चिखला येथें मँगनीजची भूमिगत खाण आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. खाणींत उतरणाऱ्या प्रत्येक माणसास डोक्यावर घालावयास कडक टोपी मिळते. बाहेरून पाहिलें तर सर्व टोप्या एकसारख्या; परंतु आंतील पट्टा ज्यानें त्यानें आपल्या डोक्याच्या मापानें बसवून घ्यावयाचा असतो. पट्टा सैल राहिला तर वांकतांच टोपी डोळ्यांवर येते. फार आवळला तर कपाळ दुखूं लागतें. टोपी करणाऱ्यानें तो पट्टा मुद्दाम असा ठेविला, कारण कोणाचें डोकें केवढें हें त्यास ठाऊक असणें शक्य नव्हतें. संगणक करणाऱ्यांची गोष्ट हीच आहे. कारखान्यांतून आलेलें यंत्र कोणा एका कल्पित माणसासाठीं मांडलेलें असतें. त्याची दृष्टि उत्तम, हात उजवा, आणि भाषा बहुधा इंग्रजी. असा माणूस आपल्या वर्गांत किती सांपडेल? म्हणून संगणकांतही पट्टा ठेविलेला आहे. तो कोठें आहे व कसा बसवावा, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

१. मेज हें नांव कोठून आलें

संगणक सुरूं केला म्हणजे पडद्यावर जें पहिलें दृश्य दिसतें, त्यास डेस्कटॉप म्हणतात. डेस्कटॉप म्हणजे मेजाचा पृष्ठभाग. पूर्वीं संगणकास आज्ञा द्यावयाची तर काळ्या पडद्यावर ती अक्षरशः टंकावी लागे, आणि एक अक्षर चुकलें तरी आज्ञा फुकट जाई. इ. स. १९६८ च्या डिसेंबर महिन्यांत डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकानें सॅन फ्रान्सिस्को येथें हातानें सरकविण्याचें एक लहानसें साधन सभेपुढें चालवून दाखविलें. तोच आजचा माउस. पुढें झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेंत १९७३ सालीं ‘आल्टो’ नांवाचा संगणक तयार झाला. १९८१ सालीं त्याच कंपनीच्या ‘स्टार’ या संगणकावर कागद, कप्पे व टपालपेटी यांचीं चित्रें पडद्यावर मांडण्यांत आलीं. कचेरींतील कारकुनास आपलें मेज ओळखीचें असतें, तेव्हां पडदाही मेजासारखा असावा, ही त्यामागील कल्पना. १९८४ सालीं ‘मॅकिंटॉश’नें व १९९५ सालीं ‘विंडोज ९५’नें ही मांडणी घरोघरीं पोहोंचविली.

आतां मेजाचा धर्म असा कीं, त्यावर बसणारा तें आपल्या सोयीनें लावितो. दौत कोणी डावीकडे ठेवितो, कोणी उजवीकडे. पडद्यावरील मेजासही तोच न्याय लागूं आहे. हें लावण्याचें काम ‘सेटिंग्ज’ या ठिकाणीं होतें; दांतेरी चाकाचें चित्र ही त्याची सर्वसाधारण खूण.

२. डोळ्यांची सोय

प्रथम अक्षरांचा आकार पहावा. विंडोज ११ मध्यें ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲक्सेसिबिलिटी’ या भागांत ‘टेक्स्ट साइज’ म्हणून एक सरकपट्टी आहे. तिनें अक्षरें मूळच्या १०० टक्क्यांपासून २२५ टक्क्यांपर्यंत वाढवितां येतात. पडद्यावरील सर्वच वस्तु मोठ्या हव्या असल्यास ‘डिस्प्ले’ या भागांतील ‘स्केल’ वाढवावें. पुस्तक डोळ्यांशीं नेऊन वाचणाऱ्या मुलास आपण लगेच हटकतों, परंतु पडद्यापुढें मान ताणून बसलेला मुलगा आपल्या ध्यानांत येत नाहीं. अक्षरें मोठीं केल्यावरही ती मान मागें येत नसेल, तर त्याचे डोळे वैद्याकडून तपासून घ्यावे. तेथें सेटिंग्जचा उपाय चालणार नाहीं.

दुसरी गोष्ट रंगांची. तांबडा व हिरवा हे दोन रंग कांहीं मुलांस वेगळे ओळखतां येत नाहींत. हा दोष बहुधा जन्मजात असतो, व तो ज्या गुणसूत्रावरून येतो तें मुलींत दोन व मुलांत एकच असल्यामुळें मुलांत अधिक आढळतो. अशा मुलास नकाशांतील रंग सांगतां आले नाहींत म्हणजे त्यास आळशी ठरविलें जाण्याचा संभव असतो. ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्येंच ‘कलर फिल्टर्स’ आहेत. ते चालूं केले असतां जे रंग एकमेकांत मिसळत होते, ते बदलून निराळे दिसूं लागतात. ज्यांची दृष्टि मंद आहे त्यांच्यासाठीं काळ्या पार्श्वभूमीवर ठळक पांढरीं अक्षरें अशी मांडणीही तेथें मिळते.

ज्यांस मुळींच दिसत नाहीं त्यांचें काय? मायकेल करन व जेम्स तेह या ऑस्ट्रेलियांतील दोघां अंध गृहस्थांनीं ‘एनव्हीडीए’ नांवाची पडदा वाचून दाखविणारी आज्ञावली पुढें आणिली. तिचा आरंभ करन यांनीं २००६ सालीं केला. ती विनामूल्य मिळते, आणि तिच्यासमवेत येणारा यांत्रिक आवाज मराठी मजकूरही वाचतो. ज्यांस अडचण होती त्यांनींच उपाय शोधला, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

३. हाताची सोय

डावखुऱ्या मुलांस पूर्वीं पुष्कळ घरांत व शाळांत उजव्या हातानें लिहावयास भाग पाडीत. ती चाल आतां मागें पडत असली, तरी संगणकाच्या खोलींत ती नकळत टिकून राहते, कारण माउस उजवीकडेच ठेविलेला असतो. तो उचलून डावीकडे ठेवावा, आणि ‘माउस’ या भागांत जाऊन मुख्य बटन डाव्याच्या जागीं उजवें करावें. या कामास अर्धें मिनिटही लागत नाहीं. बाणाचा वेग व लागोपाठ दोनदां दाबण्याची गतिही तेथेंच कमी करतां येते. लहान मुलें व शेतकामानें बोटें राठ झालेलीं वडील मंडळी यांस याचा उपयोग विशेष. ज्यास एकाच हातानें काम करावें लागतें, त्याच्यासाठीं ‘स्टिकी कीज’ ही सोय आहे. ती चालूं असतां ‘शिफ्ट’ एकदां दाबून सोडिली तरी पुढच्या अक्षरापर्यंत ती दाबलेलीच मानली जाते.

४. भाषेची सोय

आमच्या मतें हा भाग सर्वांत महत्त्वाचा होय. पडद्यावरील सूचना मराठींत दिसाव्या, अशी व्यवस्था विंडोजमध्यें आहे व मुक्त प्रणालींतही आहे. पुणें येथें १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें ‘बॉस’ नांवाची मुक्त प्रणाली तयार केली. ती २००७ सालीं प्रसिद्ध झाली, व मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालते. ‘केडीई’ (आरंभ १९९६) व ‘नोम’ (आरंभ १९९७) या मुक्त मेजांचें मराठी भाषांतर करण्यास अनेक हातांची मदत झाली आहे. मुक्त म्हणण्याचें कारण असें कीं, एखादा शब्द रुचला नाहीं तर दुसरा सुचविण्याचा अधिकार वाचकास असतो.

सूचना वाचणें हें अर्धें काम. लिहिणें हें दुसरें. त्यासाठीं ‘इनस्क्रिप्ट’ ही कळमांडणी शिकावी. तिची रचना आपल्या वर्णमालेस धरून आहे. डाव्या हाताखालीं स्वर व मात्रा, उजव्या हाताखालीं बहुतेक व्यंजनें. इंग्रजी ‘के’च्या कळीवर क, आणि ‘शिफ्ट’सह तीच कळ दाबिली तर ख, ‘आय’च्या कळीवर ग, व ‘शिफ्ट’सह घ. ‘कमळ’ हा शब्द लिहावयाचा तर ‘के’, नंतर ‘सी’, नंतर ‘शिफ्ट’सह ‘एन’ दाबावें. तिसऱ्या कळीनें ळ उमटतो. दुसरा लाभ असा कीं, ही मांडणी गुजराती, बंगाली, तेलुगू इत्यादि लिप्यांसही तीच आहे. मराठींत बोटें एकदां वळलीं म्हणजे त्या भाषांचा क कोठें आहे हें पुन्हां शिकावें लागत नाहीं. विंडोजमध्यें दोन्ही भाषा बसविल्यावर विंडोजचें चिन्ह असलेली कळ दाबून धरून स्पेस दाबिली कीं मराठींतून इंग्रजींत व परत जातां येतें.

येथें कोणी विचारील कीं, हिंदीची देवनागरी असतांना मराठी निराळी कशास निवडावी? उत्तर उदाहरणानें देतों. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. रफार व अर्धा ऱ यांतील भेद गेला तर डोंगरांत समुद्र शिरेल! इनस्क्रिप्टमध्यें ऱ हें अक्षर ‘शिफ्ट’सह ‘जे’च्या कळीवर आहे. त्याचप्रमाणें ‘ॲ’ हें अक्षर युनिकोड या जागतिक वर्णसंचांत २००८ सालीं दाखल झालें. तत्पूर्वीं ‘अ’वर चंद्र देण्यास निरनिराळ्या युक्त्या योजाव्या लागत. ल व श यांचें मराठी वळणही हिंदी वळणाहून भिन्न आहे. कांहीं टंक असे आहेत कीं, मजकुराची भाषा मराठी आहे असें सांगितलें तर तींच अक्षरें मराठी वळणानें काढितात.

अंकांकडेही पहावें. बारा लक्ष चौतीस हजार पांचशें सदुसष्ट ही संख्या परदेशी मांडणींत १,२३४,५६७ अशी दिसते. आपण ती १२,३४,५६७ अशी लिहितों. गणिताच्या वहींत एक रीत व पडद्यावर दुसरी असली, तर मूल गोंधळतें. ‘रीजन’ या भागांत लाख-कोटींची रीत निवडतां येते.

५. शोभा व सोय

पार्श्वचित्र बदलणें ही मुलांस सर्वांत आधीं सांपडणारी गोष्ट. वैनगंगेच्या पात्राचें किंवा पावसांतील धानाच्या बांधीचें चित्र तेथें लाविलें तर आम्हांस आनंदच आहे. मात्र चित्र शांत असावें. ठिपक्यांच्या व गर्दीच्या चित्रावर फाइलींचीं नांवें दिसेनाशीं होतात. मेजावर रोज लागतील तेवढ्याच वस्तु ठेवाव्या; बाकीच्या इयत्तेप्रमाणें व विषयाप्रमाणें फोल्डरांत घालाव्या. फाइलीस ‘नवीन १’ असें नांव न देतां ‘भूगोल – नद्या – इयत्ता ८ वी’ असें द्यावें. निव्वळ शोभेसाठीं अनोळखी ठिकाणाहून ‘थीम’ उतरवून घेऊं नये. तिच्याबरोबर अपायकारक आज्ञावली यंत्रांत शिरण्याचें भय असतें.

६. सामाईक यंत्राचा शिष्टाचार

शाळेंतील एका संगणकावर अनेक विद्यार्थी बसतात. एकानें आपल्या सोयीसाठीं बटनें उलटीं केलीं व तशींच ठेविलीं, तर पुढचा विद्यार्थी यंत्र बिघडलें असें समजून शिक्षकांकडे धांवतो. याचा योग्य उपाय प्रत्येकाचें निराळें खातें हा होय. खातें निराळें असलें म्हणजे एकाच यंत्रावर ज्याचें त्याचें मेज जसेंच्या तसें राहतें. तें शक्य नसेल तेथें पुढील तीन नियम पाळावे. एक वेळीं एकच बदल करावा. करण्यापूर्वीं मूळची स्थिति वहींत टिपावी. उठतांना ती पूर्ववत् करावी. ज्या घरीं एकच यंत्र किंवा एकच फोन आहे, तेथेंही हेच नियम चालतील.

७. पालकांस विनंति

वर संगणकाविषयीं सांगितलें तें बहुतेक सर्व हातांतील फोनलाही लागूं पडतें. तेथेंही ‘सेटिंग्ज’ आहे, अक्षरांचा आकार आहे व भाषा आहे. पुष्कळ घरांत आई किंवा आजी बँकेचा संदेश आला कीं फोन नातवापुढें किंवा शेजाऱ्यापुढें धरून “एवढें वाचून दाखव, बाबा,” असें म्हणते. तिला वाचतां येत नाहीं असें नव्हे. अक्षरें बारीक असतात, किंवा वरच्या सर्व सूचना इंग्रजींत असतात. परंतु जो दुसऱ्याकडून संदेश वाचून घेतो, तो आपल्या पैशाचा हिशेब व कधीं कधीं गुप्त अंकही दुसऱ्याच्या स्वाधीन करितो. आजचा वाचणारा सज्जन असेल. उद्यांचा तसाच असेल याची खात्री कोणी द्यावी? अक्षरें मोठीं करणें व भाषा मराठी करणें या दोन कृत्यांनीं तिचा व्यवहार पुन्हां तिच्या हातीं येतो. ज्यांनीं शाळा अर्धवट सोडिली व यंत्र आपल्यासाठीं नव्हेच असें मनाशीं धरिलें, त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, यंत्र तुमच्यासाठीं मांडलेलें नव्हतें हें खरें, पण तें मांडून घेतां येतें.

अभ्यासाकरितां

(१) आपल्या संगणकावर मराठी इनस्क्रिप्ट कळमांडणी बसवा, आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ हे दोन्ही शब्द टंकून प्रत्येकाचें एक वाक्य लिहा.

(२) अक्षरांचा आकार १०० टक्के ठेवून एक उतारा वाचा. मग १५० टक्के करून दुसरा तितकाच उतारा वाचा. प्रत्येक वेळीं लागलेला वेळ टिपा.

(३) घरांतील एका वडील माणसास विचारा कीं, फोनवरील कोणती गोष्ट त्यांस वाचतां येत नाहीं. त्यांच्या संमतीनें व त्यांच्याच बोटानें ती सेटिंग बदलवून घ्या. तुम्हीं फक्त जागा दाखवावी, म्हणजे पुढच्या खेपेस तुमची वाट न पाहतां त्यांस तें स्वतः करतां येईल.