जुन्या ट्रकच्या पुढच्या भागातील आवाज : भाग बदलण्याआधी दोष ओळखा

चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत ट्रकच्या चाकांवर कितीतरी घरांची चूल पेटते. घुग्गुस-माजरी-राजुरा पट्ट्यातील कोळसा, गडचांदूर परिसरातील सिमेंट, आलापल्लीचे सागवान, जंगलातील बांबू, मूल-ब्रह्मपुरी-देसाईगंजकडील धान आणि उन्हाळ्यातील तेंदूपत्ता, हा सारा माल ट्रकनेच हलतो. 2021 नंतर सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक वाढली आणि नवे मोठे टिपर रस्त्यावर आले. तरीही खेड्यापाड्यांतील विटा, रेती, धान व लाकूड यांची ने-आण आजही बऱ्याच अंशी जुन्या सहाचाकी गाड्याच करतात. अशा गाडीचा मालक पुष्कळदा स्वतःच ड्रायव्हर असतो. एक गाडी, एक कुटुंब, असा तो हिशेब असतो.

अशा गाडीच्या पुढच्या भागातून एके दिवशी आवाज येऊ लागतो. मग दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर मिस्त्री अंदाजाने सुटे भाग बदलू लागतो. आज बॉल जॉइंट, पुढच्या आठवड्यात किंग पिन, त्यानंतर बेअरिंग. मालकाचा खिसा रिकामा होतो आणि आवाज मात्र जिथल्या तिथे राहतो. नाही तर मालकच म्हणतो, "गाडी चालते ना, मग चालू द्या." पहिल्या प्रकारात पैसा जातो, दुसऱ्यात जीव जाऊ शकतो. स्टेअरिंगचा एखादा सांधा चालत्या गाडीत निखळला, तर ड्रायव्हरच्या हातात चक्र फिरत राहते आणि चाके आपल्या मर्जीने जातात. आलापल्ली ते सिरोंचा या सुमारे 100 किलोमीटरच्या जंगलातील रस्त्यावर असे घडल्यास काय होईल, हे सांगण्याची गरज नाही.

म्हणून आज आम्ही मिस्त्रीकाम शिकणारे तरुण आणि गाडीमालक या दोघांसाठी हा विषय घेतला आहे. आवाजाचा दोष ओळखण्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. कान, हात, एक जॅक, एक सब्बल आणि एक मदतनीस एवढे पुरेसे आहे. मात्र क्रम पाळावा लागतो.

पुढचा भाग कसा असतो?

जुन्या टाटा किंवा लेलँड ट्रकचा पुढचा ॲक्सल हा एकसंध, जाड लोखंडी दांडा असतो. तो दोन्ही बाजूंच्या पाट्यांना यू-बोल्टने आवळलेला असतो. ॲक्सलच्या दोन्ही टोकांना उभी किंग पिन असते. तिच्याभोवती स्टब ॲक्सल वळतो आणि त्यावर हब व चाक फिरते. ड्रायव्हर चक्र फिरवतो तेव्हा स्टेअरिंग बॉक्समधून ड्रॉप आर्म हलतो, तो ड्रॅग लिंकला ढकलतो, ड्रॅग लिंक एका चाकाला वळवते आणि टायरॉड ते वळण दुसऱ्या चाकापर्यंत पोचवतो. या साखळीत जिथे दोन भाग जोडले आहेत तिथे झीज होते, आणि जिथे झीज तिथे आवाज. पाट्यांची टोके पिन, बुश व शॅकल यांच्या आधाराने चासीला लटकलेली असतात. तेथेही हाच नियम लागू आहे.

आपल्या भागात ही झीज लवकर होते, त्याला कारण आहे. कोळशाची व सिमेंटची बारीक भुकटी ग्रीसमध्ये मिसळली की ते ग्रीस वंगणाऐवजी पॉलिश पेपरसारखे घासू लागते. पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढली की हबमध्ये व किंग पिनमध्ये पाणी शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि आतून गंज चढतो.

आधी ड्रायव्हरला विचारा

गाडी जॅकवर चढवण्याआधी ड्रायव्हरला चार प्रश्न विचारावेत. आवाज उभ्या गाडीत चक्र फिरवताना येतो, की चालताना? खड्ड्यात येतो, की गुळगुळीत रस्त्यावरही? ब्रेक दाबल्यावर किंवा एकाच बाजूला वळताना वाढतो का? गाडी भरलेली असताना जास्त येतो, की रिकामी असताना? अर्धा दोष या उत्तरांतच सापडतो. त्यानंतर मिस्त्रीने स्वतः शेजारी बसून एक फेरी मारावी. केवळ ऐकीव माहितीवर पाना हातात घेऊ नये.

एक सावधगिरी येथेच सांगतो. लोखंडी चासीतून आवाज दूरवर जातो. उजव्या शॅकलचा ठोका ड्रायव्हरला पायाखाली वाटतो. बंपर, बोनेटचे कब्जे, केबिनचे रबर किंवा टूल बॉक्ससुद्धा असाच खडखडाट करतात. शंका असलेली वस्तू दोरीने घट्ट बांधून पुन्हा फेरी मारावी. आवाज थांबला तर चोर सापडला, आणि खर्च फक्त दोरीचा.

आवाजावरून दोषाकडे

1. उभ्या गाडीत चक्र फिरवताना करकर : स्टेअरिंग जड लागते, वळणानंतर चक्र आपोआप सरळ होत नाही आणि खालून कोरडी करकर येते. बहुधा किंग पिन किंवा तिच्याखालचे थ्रस्ट बेअरिंग कोरडे पडलेले असते. भरलेल्या गाडीत हा त्रास वाढतो. प्रथम ग्रीस भरून पाहावे. निपल बंद असल्यास काढून डिझेलने साफ करावे किंवा बदलावे. थोडे ग्रीस चाके जमिनीवर असताना आणि थोडे ॲक्सल उचलून, चाके डावी-उजवीकडे वळवत भरावे. जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत गन थांबवू नये.

2. चक्राची दिशा बदलताना एकच "टक्" : हा साखळीतील प्लेचा आवाज आहे. गाडी जमिनीवरच ठेवावी. मदतनिसाने चक्र थोडे थोडे डावीकडे-उजवीकडे हलवावे आणि मिस्त्रीने एकेका सांध्यावर हात ठेवत जावे. सुरुवात वरून करावी. स्टेअरिंग बॉक्सचे चासीवरील बोल्ट, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंकची दोन्ही टोके, मग टायरॉडची दोन्ही टोके. ज्या सांध्यात एक भाग हलतो आणि दुसरा उशिरा हलतो, तोच दोषी. कित्येक वेळा बॉल जॉइंट निर्दोष असतात आणि बॉक्सचे बोल्टच ढिले असतात. तेव्हा पान्याच्या एका आवळणीत काम होते.

3. खड्ड्यांत खडखड, रिकाम्या गाडीत जास्त : येथे पाट्यांकडे वळावे. शॅकलची पिन व बुश, यू-बोल्ट, तुटलेला पाटा, शॉक ॲबसॉर्बरचे रबर हे सर्व पाहावे. पाट्याचे टोक व ब्रॅकेट यांच्यामध्ये सब्बल घालून उचकून पाहिले की बुशाचा प्ले डोळ्यांना दिसतो. यू-बोल्ट ढिले राहिले तर मधला सेंटर बोल्ट तुटतो आणि ॲक्सल एका बाजूला मागे सरकतो. अशी गाडी एका बाजूला ओढते. दोन्ही बाजूंना ॲक्सलपासून चासीवरील एका ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. फरक आढळल्यास अलाइनमेंट करून उपयोग नाही, आधी ॲक्सल जागेवर आणावा लागेल.

4. चालताना घरघर, वेगाबरोबर वाढणारी : चाकाचे बेअरिंग. उजव्या वळणावर वजन डाव्या चाकावर जाते. त्यामुळे उजवीकडे वळताना घरघर वाढली तर प्रथम डावे चाक तपासावे. डावीकडे वळताना वाढल्यास उजवे.

5. हळू चालताना चाकातून टकटक : सर्वांत आधी चाकाचे नट पाहावेत. नटाभोवती गंजाच्या रेघा दिसल्या तर नट ढिला आहे असे समजावे. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे नवशिक्यांनी लक्षात ठेवावे.

6. ठरावीक वेगाला चक्र थरथरणे : याला एकच कारण नसते. टायरची असमान झीज, बॅलन्स, ढिले बेअरिंग, झिजलेली किंग पिन आणि टो-इनमधील बिघाड यांपैकी एक किंवा अनेक कारणे एकत्र असू शकतात. येथे घाईने टायर बदलणे हा सर्वांत महाग अंदाज ठरतो.

जॅकवरची खरी परीक्षा

सपाट, कडक जमिनीवर मागच्या चाकांना ठोकळे लावून ॲक्सल उचलावा आणि खाली स्टँड किंवा भक्कम लाकडी ओंडके द्यावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये.

आता चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातील 12 आणि 6 च्या जागी धरून हलवावे. मोठ्या चाकाखाली सब्बल घालून उचकल्यास जास्त स्पष्ट कळते. प्ले जाणवला तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि पुन्हा हलवावे. हवेचे ब्रेक असतील तर टाकीत हवा भरलेली असावी. ब्रेक दाबताच प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही प्ले राहिला तर दोष किंग पिनचा. कारण साधे आहे. ब्रेक लागला की ड्रम आणि स्टब ॲक्सल एकजीव होतात, त्यामुळे बेअरिंगला हलण्यास जागाच उरत नाही. जे हलते ते किंग पिनवरच हलते. या एका परीक्षेने कितीतरी मालकांचे नको असलेले खर्च वाचतील.

त्यानंतर चाक 9 आणि 3 च्या जागी धरून आडवे हलवावे. या हालचालीत टायरॉडच्या टोकांचा प्ले दिसतो. शेवटी चाक मोकळे फिरवून पाट्यावर हात ठेवावा. बेअरिंग खराब असल्यास हाताला खरखर जाणवते.

बेअरिंगचा नट आवळताना "जितका घट्ट तितका चांगला" हा समज सोडावा. अति आवळलेले बेअरिंग तापते आणि जाम होते. चाक फिरवत नट आवळून तो किती मागे सोडायचा, हे त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेप्रमाणे करावे. काम झाल्यावर दहा किलोमीटर चालवून दोन्ही हबांना सावधपणे हात लावून पाहावा. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त गरम असेल तर पुन्हा उघडावे.

हे कधीही करू नका

ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, टायरॉड किंवा स्टब ॲक्सल यांना वेल्डिंग करू नये, वाकलेले असल्यास भट्टीत तापवून सरळही करू नये. हे भाग बदलायचेच असतात. ढिल्या बॉल जॉइंटमध्ये पत्रा किंवा रबर ठोकून आवाज बंद करणे ही दुरुस्ती नव्हे, ती धोक्याची घंटा कापडात गुंडाळणे आहे. नटाची जुनी स्प्लिट पिन पुन्हा वापरू नये, तिच्या जागी तार तर मुळीच घालू नये. किंग पिनचे बुश बदलल्यावर वरच्या व खालच्या बुशाला एका रेषेत रीमर मारावा. हातोडीने ठोकून बसवलेली पिन स्टेअरिंग जड करते आणि लवकर झिजते. टायरॉडचे टोक बदलले की टो-इन तपासणे आलेच, नाही तर नवे टायर थोड्याच दिवसांत एका कडेने खाल्ले जातात.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 98 प्रमाणे स्टेअरिंग चक्राचा मोकळा फेर 30 अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. तसेच जोडणीच्या बॉल जॉइंटवर रबराच्या टोप्या हव्यात आणि बोल्ट व पिना पक्क्या लॉक केलेल्या असाव्यात. 30 अंश म्हणजे घड्याळातील 12 पासून 1 पर्यंतचे अंतर. 50 सेंटिमीटर व्यासाच्या चक्राच्या कडेवर ते सुमारे 13 सेंटिमीटर भरते. चाके सरळ ठेवून चक्राच्या कडेवर खडूची खूण करावी आणि चाके हलायला लागेपर्यंत खूण किती सरकते ते मोजावे. पॉवर स्टेअरिंग असल्यास ही तपासणी इंजिन चालू ठेवून करावी. हे मोजमाप मालकाला घरीही करता येईल. मात्र 30 अंश ही कायद्याची शेवटची हद्द आहे, तिथपर्यंत वाट पाहण्याची परवानगी नव्हे. फेर महिन्यामहिन्याला वाढत असेल तर गाडी बोलते आहे, ऐकले पाहिजे.

मालक आणि मिस्त्री दोघांसाठी

मालकांनी ग्रीसचा दिवस ठरवून घ्यावा. कोळशाच्या किंवा सिमेंटच्या कामावरील गाडीला साध्या गाडीपेक्षा लवकर ग्रीस लागते. हब पाण्यात बुडाले असतील तर ते उघडून पाहावेत, पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहू नये. जंगलाच्या रस्त्याला लागण्यापूर्वी चाकांचे नट, यू-बोल्ट आणि स्टेअरिंगच्या स्प्लिट पिना यांवर नजर टाकण्यास पाच मिनिटे लागतात.

मिस्त्रीकाम शिकणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे असे की, उस्तादाच्या हाताकडे जसे पाहता तसे त्याच्या कानाकडेही पाहा. एक वही ठेवा. गाडी कोणती, आवाज कसा, केव्हा येत होता, दोष कोठे निघाला, हे रोज लिहा. वर्षभरात ती वही तुमचे सर्वांत मोलाचे हत्यार होईल. काढलेला जुना भाग मालकाच्या हातात द्या, त्यातील झीज दाखवा आणि मगच नव्या भागाचे पैसे मागा. ज्या गॅरेजात गरज नसताना भाग बदलला जात नाही, त्या गॅरेजाची पाटी रंगवावी लागत नाही. ड्रायव्हर लोकच तिची जाहिरात करतात. आणि जिथे दोष धोक्याचा आहे, तिथे ग्राहक नाराज झाला तरी "ही गाडी आज रस्त्यावर जाणार नाही" असे स्पष्ट सांगण्याचे धैर्य ठेवा. त्या एका वाक्यावर ड्रायव्हरचा, क्लीनरचा आणि समोरून येणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाचा जीव अवलंबून असतो.