एक्स गुणसूत्राचा समतोल

बेळगाव-निपाणी परिसरातील घरांतून व तंबाखूच्या वखारींतून काळा, तांबूस व पांढरा असे तीन रंग असलेले मांजर अधूनमधून दृष्टीस पडते. ते बहुधा मादीच असते. असा बोका क्वचितच आढळतो. या साध्या निरीक्षणामागे आनुवंशशास्त्राचा एक महत्त्वाचा नियम आहे.

स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात. पुरुषाच्या पेशीत एक एक्स व एक लहान वाय. एक्सवर ८०० हून अधिक जनुके आहेत. ती स्त्रीशरीरात दुप्पट कार्य करू लागल्यास पेशींचा तोल बिघडेल. म्हणून गर्भाच्या आरंभीच्या अवस्थेतच प्रत्येक पेशीतील एक एक्स बव्हंशी निष्क्रिय होते. ते आईकडील की वडिलांकडील, हे त्या त्या पेशीत योगायोगाने ठरते आणि तिच्यापासून निपजणाऱ्या पेशींत तसेच कायम राहते. उंदरांच्या रंगांवरून मेरी लायन यांनी १९६१ साली हा सिद्धांत मांडला. मांजराचा तांबूस रंग ठरविणारे जनुकही एक्सवरच असते. त्यामुळे मादीच्या अंगावर कोठे काळा, तर कोठे तांबूस ठिपका उमटतो. पांढरा रंग मात्र वेगळ्या जनुकाचा असतो.

फळमाशीत निसर्गाने दुसरा मार्ग धरला आहे. तेथे नराचे एकुलते एक्स दुप्पट कार्य करते, हे ए. एस. मुखर्जी व वोल्फगँग बेअरमन यांनी १९६५ साली दाखवून दिले.

या ज्ञानाचा आरोग्याशी निकटचा संबंध आहे. हिमोफिलिया या विकारात रक्त लवकर गोठत नाही. त्याचे सदोष जनुक एक्सवर असते. मुलाजवळ एकच एक्स असल्याने त्याला विकार जडतो. स्त्री मात्र केवळ वाहक असून तिला काही त्रास होत नाही, असा समज रूढ आहे. तो पूर्णतः खरा नाही. योगायोगाने अधिक पेशींत निर्दोष एक्स निष्क्रिय झाले, तर तिच्याही रक्तातील गोठणघटक कमी पडतो. मग मासिक पाळीत, दात काढताना वा बाळंतपणात अतिरक्तस्राव संभवतो.

यास्तव ज्या स्त्रीच्या वडिलांना, भावाला वा मुलाला हा विकार आहे, तिने बाळंतपणापूर्वीच डॉक्टरांना तसे सांगून गोठणघटकाची तपासणी करून घ्यावी. कोणते एक्स मुलाला द्यावे, हे आईच्या हाती नसते. म्हणून तिला दोष देणे अन्यायाचे होय. शिक्षकांनी हा धडा मांजरीच्या उदाहरणाने शिकवावा व घरोघरी पोहोचवावा.